बाटवणारा पाव

मुंबईला बाहेर खायची सवय लावली ती एकट्या पुरुषांनी. खवय्ये वगैरे पुष्कळ नंतर आले. १८५४ साली कावसजी दावरांनी ताडदेवच्या कापडगिरणीची जमवाजमव सुरू केली आणि पुढच्या पन्नास-साठ वर्षांत रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडचे तरणे गडी लोंढ्याने इथे आले. बायकापोरं गावाला, शेताच्या तुकड्यापाशी. इथे एकेका खोलीत डझनभर माणसं, पाळीनुसार झोपणारी. एकाची वळकटी गुंडाळली की दुसऱ्याची उलगडायची. मग त्याच चाळीतली एखादी बाई, बहुतेकदा विधवा किंवा जिच्या नवऱ्याचं काम सुटलंय अशी, दहा-पंधरा जणांचं रांधायला लागायची. महिन्याच्या बोलीवर. पगार झाला की हिशेब. पाटी नाही, गल्ला नाही. भिंतीला टेकून बसायचं, पुढ्यात आलेलं ताट संपवायचं, आणि उठायचं, कारण मागचा उभा आहे.

मुंबईच्या खाण्याचा इतिहास म्हटलं की लोक इराण्याकडे धावतात, नाहीतर थेट ताजमहाल हॉटेलकडे. मला ही भिंत आधी आठवते.

मी कुणी अभ्यासक नाही. डोंबिवलीहून फोर्टात येणारी बँकवाली. दुसऱ्या-चौथ्या शनिवारी सुट्टी असते, तेव्हा मावशीला घेऊन भटकते. मावशी फणसवाडीत वाढली, लग्नानंतर मुलुंडला गेली, आणि गेली कित्येक वर्षं तिला गिरगावात जायला निमित्त हवं असतं. तिला चालायला आवडतं, मला खायला. मांसमच्छी ती खात नाही, त्यामुळे भेंडी बाजाराकडे मी एकटीच जाते. १९२३ पासूनचं नूर मोहम्मदी आणि तिथली नळी निहारी हा वेगळाच विषय आहे, त्याला इथे हात घालत नाही.

गिरगावात ‘प्रार्थना समाज’ हा बहुतेकांच्या लेखी बसस्टॉप. फार तर सिग्नल. मावशीच्याही लेखी तेच होतं. तिथे रस्ता ओलांडताना मी तिला परमहंस सभेबद्दल सांगितलं. १८४९ साली मुंबईत दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या मित्रांनी ही सभा काढली. गुप्त. जातिभेद मोडायचा, पण उघडपणे मोडायची छाती नाही, म्हणून दारं लावून मोडायचा. सभासद व्हायचं तर एक परीक्षा द्यावी लागे: ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव सगळ्यांदेखत खायचा. बस्स, एवढंच. पावाचा एक तुकडा. तो गिळला की माणूस आपला झाला, कारण आता तोही अडकला. १८६० मध्ये सभासदांची यादी कुणीतरी पळवली, नावं फुटली आणि सभा विस्कटली. त्यातल्याच काही मंडळींनी पुढे १८६७ मध्ये प्रार्थना समाज उभा केला. तोवर पावाची परीक्षा मागे पडली होती.

“पावासाठी एवढी चोरी?” मावशी म्हणाली. मग फुटपाथवर थांबून स्वतःच म्हणाली, “पण अगं, आमच्या आजीने पाव कधी स्वयंपाकघरात येऊ दिला नाही. कुणाला ताप आला की डॉक्टर दूध-पाव सांगायचे. तो पाव बाहेरच्या खोलीत, खिडकीतल्या डब्यात. डबाही वेगळा. खाऊन झालं की कप आपला आपण विसळायचा.”

म्हणजे परमहंस सभा मोडून शंभर वर्षं होत आली होती, तरी फणसवाडीच्या त्या बिऱ्हाडात पाव उंबऱ्याबाहेरच होता.

ही भीती कुठून आली ते वसई-साष्टीच्या बाजूला गेलं की कळतं. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली तोवर तो मुलूख पोर्तुगीजांचा. तिथे आणि गोव्यात पिढ्यान् पिढ्या एक गोष्ट सांगतात: पाद्री रात्री येऊन विहिरीत पाव टाकायचे, सकाळी गावाने पाणी प्यायलं की गाव बाटला. असं किती गावांत खरोखर झालं असेल देव जाणे. पण पाण्यात भिजलेल्या पावाने अख्खा गाव धर्माबाहेर जातो ही गोष्ट ऐकणाऱ्यांना पटत होती, यातच सगळं आलं. त्यात भर म्हणून पावाचं पीठ पायांनी तुडवतात ही अफवा. आणि ते फुगवायला गोव्याकडे ताडी घालत, ही अफवा नव्हे, तसं होतंच. सोवळ्याओवळ्याच्या घरात असा पदार्थ येणार कसा?

मुंबईत ही कोंडी सुटायला इराणी यावे लागले.

यझद आणि केरमानकडचे झरतुष्ट्री. तिकडे काजार राजवटीत त्यांच्यावर जिझिया होता. तो मुंबईच्या पारशांनी पाठवलेल्या माणकजी लिमजी हातारिया यांच्या खटपटीने १८८२ मध्ये उठला. दुष्काळ आणि छळ यांना कंटाळून जी माणसं मुंबईला आली ती आधी पारशांच्या घरी कामाला लागली, मग चहा विकू लागली, मग दुकानं घेतली. ती कोपऱ्यावरचीच का? तर तिठ्यावरची जागा अशुभ म्हणून हिंदू व्यापारी घेत नसत, इराण्याला ती स्वस्तात मिळाली, असं सांगतात. गोष्ट सुबक आहे, म्हणून मी जरा जपूनच घेते. पण दोन रस्त्यांवर उघडणारी दारं हा धंद्याला फायदाच. दोन्हीकडून वारा, दोन्हीकडून गिऱ्हाईक.

इराण्याला तुमच्या जातीशी देणंघेणं नव्हतं. त्याचं सोवळं वेगळं, त्याचा देव वेगळा. एक आणा टाका, संगमरवरी टेबलाशी बसा, पेपर वाचा. गिरणीतला जॉबर, गोदीतला हमाल, कोर्टातला कारकून, सगळ्यांना तोच कप आणि त्याच लाकूड वाकवून केलेल्या काळ्या खुर्च्या. नियमांच्या पाट्या मात्र भरपूर: केस विंचरू नका, पाय वर घेऊ नका, फार वेळ बसू नका. कुणी बसायचं याची पाटी नसे.

धोबीतलावच्या कयानीत आम्ही जातो. १९०४ पासूनचं आहे. लाल चौकड्यांच्या टेबलक्लॉथवर काच, वर उंच छत, लाकडी जिना. ब्रुन मस्का, म्हणजे कडक पाव आणि लोणी, मागवायचा तर तो कसा खायचा हे मावशीकडून शिकावं. ब्रुनचं कवच इतकं कडक की सुरी लावताना कुर्रर्र आवाज होतो आणि चुरा थेट मांडीवर. आत लोणी, त्यावर कुठेकुठे साखरेचा दाणा. मावशी तुकडा हाताने मोडते, अर्धाच चहात धरते आणि मनात काहीतरी मोजल्यासारखी थांबते. कवच नरम पडायला हवं, पण आतला भाग गळून कपात पडता कामा नये. मस्का विरघळून चहावर पिवळे डोळे तरंगायला लागतात. शेवटचा घोट खारट लागतो. चहा ‘पानी कम’, म्हणजे दुधातच उकळलेला, दाट. नुसता प्यायला तर मला जड होतो. ब्रुनबरोबर मात्र तोच हवा.

मावशी पहिल्यांदा इराण्याकडे गेली ती मॅट्रिकच्या शेवटच्या पेपरनंतर. मैत्रिणी-मैत्रिणी. तेव्हा बायका खाली बसत नसत. वर पोटमाळ्यावर किंवा मागे, पडदा लावलेली ‘फॅमिली रूम’. “फॅमिली कसली? चार पोरी आणि एक समोसा,” ती म्हणते. पडद्याला मटणाचा वास. पोऱ्या पडदा न सारता बाहेरूनच विचारायचा, काय हवं. खाली वाऱ्यात, आरशांसमोर, दोन रस्त्यांवरची रहदारी बघत बसलेले सगळे बाप्ये, आणि या चौघी लाकडी खोक्यात. तरी त्या समोशाची चव तिला अजून आठवते. घरी सांगितलं नाही, हे वेगळं सांगायला नकोच.

या शहराच्या खानावळी बायकांनी चालवल्या, आणि हॉटेलात त्यांना बसायला खोकी. मी आज कयानीत एकटी बसते तेव्हा कुणी वळूनही बघत नाही. ही सुधारणा कुठल्या साली झाली ते कुठल्याच पुस्तकात सापडायचं नाही.

आता मराठी हॉटेलांकडे वळते, कारण इराण्यांचं कौतुक करताना आपण स्वतःकडे बघायचं विसरतो. दादर स्टेशनाजवळ मामा काणे यांनी १९१० मध्ये हॉटेल काढलं, त्याचं नाव स्वच्छ उपाहारगृह. गिरगाव-दादर पट्ट्यातल्या पाट्या आठवा: आरोग्य भुवन, हेल्थ होम, दुग्ध मंदिर, विश्रांतिगृह. जणू पोहे खायला नाही, प्रकृती सुधारायला चाललोय. आणि त्या काळी जागोजागी सरळसरळ ‘हिंदू हॉटेल’, ‘ब्राह्मणांचे उपाहारगृह’. बाहेर खाणं हे मध्यमवर्गाच्या लेखी बिघडण्याचं लक्षण होतं. १८९० मध्ये पुण्यात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा-बिस्किटं पुढे आली म्हणून केवढं ग्रामण्य झालं, थेट जातीबाहेर टाकण्याची भाषा. टिळक-रानड्यांसारख्यांना प्रायश्चित्ताच्या लफड्यात पडावं लागलं. अशा वेळी गिऱ्हाईक आत यायचं तर त्याला आधी धीर द्यायला हवा, की आत कोण रांधतंय हे आम्ही बघितलंय, तुम्ही निर्धास्त असा. मिसळीचं, थालीपिठाचं काम त्यानंतरचं.

हा धीर सगळ्यांसाठी नव्हता. ज्यांना आत घेतच नसत, किंवा बाहेर बाकड्यावर वेगळ्या कपबशीत चहा देत आणि ती त्यांनीच धुवून ठेवायची, त्यांच्यासाठी ‘स्वच्छ’ ही पाटी निराळं काहीतरी सांगत होती. भारताच्या घटनेत हॉटेलांचा उल्लेख आहे हे मला बऱ्याच उशिरा कळलं. अनुच्छेद १५, दुसरं कलम: दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, करमणुकीची ठिकाणं यांत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणालाही अडवायचं नाही. पुढे त्यातच विहिरी, तलाव, स्नानाचे घाट. चहाच्या टेबलाचा प्रश्न राज्यघटनेत घ्यावा लागला, इतका तो मोठा होता. १९५५ मध्ये अस्पृश्यतेचा कायदा आला तेव्हा हॉटेलात मज्जाव हा गुन्हा ठरला.

हे मी मावशीला ठाकूरद्वारच्या विनय हेल्थ होममध्ये सांगत होते. मिसळ यायची होती. ती म्हणाली, “आमच्याकडे कामाला यायची तिला आई चहा द्यायची. कप मोरीवरच्या फळीवर असायचा. दांडी तुटलेला.” मग मिसळ आली. तिने फरसाण बाजूला सारून रस्सा चाखला, तिखट आहे म्हणाली, ताक मागवलं. त्या कपाबद्दल आम्ही दोघी पुढे काही बोललो नाही.

माटुंग्याला गेलं की वेगळीच तऱ्हा. ए. रामा नायक पोरवयात दक्षिण कर्नाटकातून मुंबईला आले, हॉटेलांच्या भटारखान्यात राबले, १९३६ मध्ये किंग्ज सर्कलला कॅफे म्हैसूर आणि १९४२ मध्ये स्टेशनाजवळ उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग काढलं. बोर्डिंग म्हणजे आपली खानावळच: घर नसलेल्या मद्रासी कारकुनांना पोटभर सात्त्विक जेवण. उडुप्यांना एक सोय आयती होती. मठांच्या परंपरेतले ब्राह्मण स्वयंपाकी. त्यामुळे ज्यांना ‘कोण रांधतंय’ची पंचाईत ते निश्चिंत, आणि ज्यांना नाही त्यांना इडली स्वस्त. आजही तिथे रांगेत थांबावं लागतं, केळीच्या पानावर जेवता येतं आणि भटारखाना बघायचा असेल तर खुशाल बघा म्हणतात. मी बघितला. भाताचं पातेलं एका माणसाला कवेत घेता येणार नाही एवढं, आणि रसमचा वास असा की शिंका येऊन बाहेर पडले. मावशी आत आलीच नाही. “जेवायला आलोय, तपासणीला नाही,” म्हणाली. समोर बसलेला अनोळखी माणूस तिच्या वाटीत पापड बुडवेल की काय इतकी टेबलं जवळ. तिला ते अजिबात आवडत नाही. मला आवडतं. यावर आमचं दरवेळी वाजतं.

साठच्या दशकाच्या शेवटी याच उडुप्यांच्या हॉटेलांवर दगड पडले. १९६६ मध्ये शिवसेना स्थापन झाली, ‘मद्रासी’ नोकऱ्या बळकावतात म्हणून हाकाटी झाली आणि पाटीवर उडुपी दिसलं की काचा फुटू लागल्या. गंमत म्हणा की काय म्हणा, त्याच वर्षी दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांनी बटाटावडा पावात घातला असं मानलं जातं. सुधाकर म्हात्रे यांचंही नाव घेणारे आहेत. मराठी माणसाने धंदा करावा, म्हणून वडापावच्या गाड्यांना सेनेने पुढे चांगलं बळ दिलं. आणि बघता बघता वडापाव मराठी अस्मितेची निशाणी झाला.

आता त्या निशाणीत काय आहे ते एकदा उघडून बघा. बटाटा दक्षिण अमेरिकेतला, इकडे आणला पोर्तुगीजांनी. मिरची, हिरवी आणि चटणीतली लाल, दोन्ही तिकडचीच, त्यांच्याच जहाजातून. पाव तर सांगायलाच नको. उरलं डाळीचं पीठ, लसूण आणि तेल. ज्या पावापायी दादोबांच्या मित्रांना दारं लावून बसावं लागलं, जो पाव फणसवाडीत खिडकीतल्या डब्याच्या पलीकडे सरकू शकला नाही, तो हातात धरून आपण सांगतो, हे आमचं. मला यात काही खोटं वाटत नाही. आहेच तो आमचा. फक्त कुणाच्या तरी हॉटेलावर दगड मारण्याआधी हातातला वडापाव खाली ठेवावा लागतो, एवढं लक्षात असलेलं बरं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. तो कधी मागे घेतलाच गेला नाही, गिरण्या मात्र एकेक करून गेल्या. खानावळीतली भिंत मोकळी झाली. काम गेलेल्यांपैकी कितीतरी जणांनी कढई आणि स्टोव्ह घेऊन रस्त्यावर गाडी लावली. जे पूर्वी महिन्याच्या बोलीवर जेवत ते आता दुसऱ्यांना उभ्याउभ्या खायला घालू लागले.

खानावळवाल्या बायकांचं काय झालं हे फारसं कुणी विचारत नाही. त्या आधीपासूनच सावकाराच्या कचाट्यात होत्या. कामगार महिनाअखेरीला पैसे देणार, पण तांदूळ-मासळी रोज आणायची, मग उधारी, मग व्याज. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते या बायकांसाठी. राष्ट्रीयीकृत बँकांकडून त्यांना छोटी कर्जं मिळवून दिली, सावकार सुटला. बँकेत काम करते म्हणून असेल, मला मुंबईच्या खाण्याच्या इतिहासातली ही घटना कुठल्याही बेरी पुलावापेक्षा मोठी वाटते. ज्या बाईच्या नावावर घर नाही, दागिना गहाण पडलाय, तिला ‘पंधरा गडी रोज जेवतात’ एवढ्या भांडवलावर कर्ज देणं, हे आजच्या आमच्या फॉर्मांत कुठल्या रकान्यात बसवायचं ते मला सांगता येणार नाही.

(बेरी पुलावही खावा. बॅलार्ड इस्टेटला ब्रिटानिया, १९२३ चं. इराणातली आंबट झरेश्क भातावर पेरलेली. दुपारी जा, आणि महिन्याच्या सुरुवातीला जा.)

मध्यंतरी पाव पुन्हा बातम्यांत आला, या वेळी धर्मामुळे नव्हे, धुरामुळे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा विजेवर जायला सांगितलं. शहराची हवा बघता आदेशाशी भांडायचं कारण नाही. भट्टीशेजारच्या चाळीत राहणाऱ्याला विचारा. पण लाकडाच्या भट्टीतला पाव आणि विजेच्या भट्टीतला पाव एकच असतो का, यावर मावशीच्या मुलुंडच्या घरी गेल्या रविवारी जोरदार वाद झाला. तिच्या मुलाने दोन दुकानांतून दोन लाद्या आणल्या, कुठली कुठली ते सांगितलं नाही आणि सगळ्यांना चाखायला लावल्या. मी लाकडाची म्हणून बोट ठेवलं ती विजेची निघाली. तो म्हणाला, लाकडाच्या पावाची वरची साल जरा जाड, खाली राखेचा ठिपका. मावशीने दोन्ही लाद्यांचे चार-चार पाव बाजूला काढले, उरलेले भाजीबरोबर वाढले आणि म्हणाली, “कसलाही आणा. फक्त सहाच्या आत आणा, नंतर तो रबर होतो.”